‘वाट पाहणे’ आणि ‘लुक फॉरवर्ड टू’



दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या माजी विद्यार्थ्यांची पावले पुन्हा शाळेकडे वळतात. कुणाला दाखला हवा असतो, कुणाला शिफारसपत्र, तर कुणाला स्वतः इंग्रजीत लिहिलेला अर्ज तपासून हवा असतो. इंग्रजीची शिक्षिका म्हणून हे शेवटचे काम माझ्या वाट्याला येते. मुले अर्ज चांगले लिहितात. नाव, पत्ता, गुण, आवडीचे विषय, सगळे नेटके असते. पण मी आधी शेवटची ओळ पाहते, कारण बहुतेकांची गाडी तिथेच अडते.

ही शेवटची ओळ साधारण तीन प्रकारची असते. पहिला प्रकार, ‘आय ॲम वेटिंग फॉर युअर रिप्लाय.’ दुसरा, ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड फॉर युअर रिप्लाय.’ आणि तिसरा, ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू.’ तिन्ही मुलांच्या मनात एकच गोष्ट असते, ‘आपल्या उत्तराची वाट पाहत आहे.’ पण पहिले वाक्य व्याकरणाने शुद्ध असूनही जरा उद्धट वाटते. दुसऱ्यात ‘फॉर’ चुकते. तिसऱ्यात ‘हिअर’ चुकते. मग मी लाल शाईने लिहिते, ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू.’ आणि समोरचे मूल हमखास विचारते, “बाई, ‘टू’नंतर ‘आयएनजी’ कसं येईल? तुम्हीच तर शिकवलं होतं की ‘टू’नंतर क्रियापदाचं मूळ रूप येतं!”

प्रश्न अगदी रास्त आहे. ‘असंच असतं, पाठ कर’ एवढ्या उत्तराने त्या मुलाचे समाधान होत नाही, आणि व्हायलाही नको. म्हणून संपादक मंडळाने यंदा लेख मागितला तेव्हा ठरवले, सगळे व्याकरण एका लेखात कोंबण्यापेक्षा हा एकच वाक्प्रचार घ्यावा आणि तो नीट समजून घ्यावा.

इंग्रजीत क्रियापदाला एखादे छोटे अव्यय जोडले की अर्थ पार बदलून जातो. अशा जोडीला ‘फ्रेजल व्हर्ब’ म्हणतात. लोगन पिअरसॉल स्मिथ या लेखकाच्या १९२५ सालच्या पुस्तकामुळे हे नाव रूढ झाले, पण प्रकार त्याहून कितीतरी जुना आहे. साधे ‘लुक’ घ्या. ‘लुक’ म्हणजे पाहणे. पण ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणे, ‘लुक फॉर’ म्हणजे शोधणे, ‘लुक इनटू’ म्हणजे चौकशी करणे, ‘लुक अप टू’ म्हणजे एखाद्याकडे आदराने पाहणे आणि ‘लुक डाउन ऑन’ म्हणजे त्यालाच तुच्छ लेखणे. मुलांच्या तोंडी दर वर्षी एकच तक्रार असते, “एका शब्दाचे इतके अर्थ! इंग्रज लोक लक्षात तरी कसे ठेवतात?”

त्यावर मी फळ्यावर आपला एक साधा मराठी शब्द लिहिते, ‘वाट’. वाट पाहणे म्हणजे कुणाच्या येण्याकडे लक्ष लावून थांबणे. वाट चुकणे म्हणजे रस्ता भलतीकडे जाणे. वाट काढणे म्हणजे अडचणीतून मार्ग शोधणे. वाटेला जाणे म्हणजे कुणाची खोडी काढणे, वाटेला लावणे म्हणजे मार्गी लावणे किंवा पिटाळून देणे. आणि वाट लावणे किंवा वाट लागणे म्हणजे काय, हे तर पहिलीतले मूलही सांगेल. मोल्सवर्थसाहेबांच्या मराठी-इंग्रजी कोशात (दुसरी आवृत्ती, १८५७) ‘वाट’ या शब्दाखाली अशा वाक्प्रचारांची लांबलचक रांग आहे. त्या साहेबांनाही आपल्या भाषेत असेच गोंधळायला झाले असेल!

आता सांगा, ‘पाहुण्यांची वाट पाहा’ आणि ‘पाहुण्यांची वाट लावा’ यांत तुमचा कधी घोटाळा झाला आहे का? नाही ना? कारण हे शब्द तुम्ही सुटे सुटे शिकला नाहीत. घरात, अंगणात, आईच्या तोंडून अख्खी वाक्ये ऐकलीत आणि अर्थ आपोआप मनात बसला. फ्रेजल व्हर्ब शिकायची रीत हीच आहे. ‘लुक’चा अर्थ वेगळा, ‘फॉरवर्ड’चा वेगळा, ‘टू’चा वेगळा असे तुकडे करून पाठ केले तर हाती काही लागत नाही. तसाही ‘फॉरवर्ड’ म्हटले की आजकाल मुलांना मोबाईलवर आलेला निरोप पुढे ढकलणेच आठवते. तिन्ही शब्द एकत्र, एका वाक्यात, एका प्रसंगात शिकावे लागतात.

आणि इथे आपण बडोदेकर मुले जरा भाग्यवान आहोत. मराठीत आपण म्हणतो ‘वाट पाहणे’. शेजारचे गुजराती काका म्हणतात ‘राह जोवी’. हिंदीत म्हणतात ‘राह देखना’. तिन्ही भाषांत रस्ता आहे आणि रस्त्याकडे लागलेले डोळे आहेत. आता इंग्रजी पाहा. ‘लुक’ म्हणजे पाहणे, ‘फॉरवर्ड’ म्हणजे पुढे. डोळे तिथेही आहेतच. आपण रस्त्याकडे पाहतो, इंग्रज पुढच्या दिवसांकडे पाहतो. आपल्या तीन भाषा ज्याला येतात त्याला ही चौथी कल्पना परकी वाटायचे काहीच कारण नाही.

आता त्या ‘टू’चे कोडे सोडवू. गंमत अशी की ते मराठीतून सोडवले तर दोन मिनिटांत सुटते.

इंग्रजीत ‘टू’ दोन आहेत. दिसायला जुळे भाऊ, पण कामे निराळी. पहिला ‘टू’ म्हणजे आपल्या मराठीतील ‘-आयला’. ‘आय वाँट टू मीट यू’ म्हणजे मला तुम्हाला भेटायचे आहे. ‘आय केम टू मीट यू’ म्हणजे मी तुम्हाला भेटायला आलो. हा ‘टू’ क्रियापदाचा सोबती. याच्यानंतर मूळ रूपच येते. दुसरा ‘टू’ म्हणजे आपले शब्दयोगी अव्यय, ‘-कडे’. ‘आय वेंट टू द मार्केट’ म्हणजे मी बाजाराकडे गेलो. हा ‘टू’ नामाचा सोबती. याला नाम लागते.

‘लुक फॉरवर्ड टू’मधला ‘टू’ हा दुसरा भाऊ आहे. त्याचा शब्दशः अर्थ काहीसा असा होतो, अमुक गोष्टीकडे डोळे लावून बसणे. ‘सुट्टीकडे डोळे लावून बसलो आहे’ हे बरोबर. मग ‘भेटणे’ या क्रियापदाला ‘कडे’ जोडायचे झाले तर आपण काय म्हणतो? ‘भेटायलाकडे’ असे कुणी म्हणेल का? आपण आधी क्रियापदाचे नाम करतो, ‘भेटणे’, आणि मग म्हणतो ‘भेटण्याकडे’. इंग्रजही तेच करतो. ‘मीट’ला ‘आयएनजी’ लावून त्याचे नाम करतो, ‘मीटिंग’, आणि मग म्हणतो ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’. व्याकरणाच्या तासाला ज्याला आपण धातुसाधित नाम म्हणतो, तेच हे. ‘भेटायला’ म्हणजे ‘टू मीट’ आणि ‘भेटण्याकडे’ म्हणजे ‘टू मीटिंग’. एवढे ध्यानात ठेवा, पुन्हा चूक होणार नाही.

शंका आली तर एक सोपी कसोटी आहे. क्रियापद काढा आणि तिथे एखादे साधे नाम ठेवून पाहा. ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू द हॉलिडेज.’ नाम चपखल बसले, म्हणजे क्रियापद ठेवतानाही त्याला नामाचाच वेष घालावा लागेल. उलट ‘आय वाँट टू द हॉलिडेज’ असे होत नाही, म्हणून तिथे मूळ रूप. हीच कसोटी दुसऱ्या एका नेहमीच्या घोटाळ्यालाही लावता येते. ‘आय यूज्ड टू लिव्ह इन पुणे’ म्हणजे मी पूर्वी पुण्यात राहत असे. ‘आय ॲम यूज्ड टू लिव्हिंग इन पुणे’ म्हणजे मला पुण्यात राहण्याची सवय आहे. पहिल्यात ‘-आयला’वाला भाऊ, दुसऱ्यात नाम मागणारा.

आणखी दोन-तीन बारीकसारीक गोष्टी. क्रियापद ‘लुक’ आहे, म्हणून काळ आणि पुरुष बदलला तर बदल ‘लुक’मध्ये होतो. ‘माय ग्रँडमदर लुक्स फॉरवर्ड टू माय लेटर्स.’ ‘वी वेअर लुकिंग फॉरवर्ड टू द गॅदरिंग.’ ‘फॉरवर्ड’ आणि ‘टू’ जागचे हलत नाहीत. प्रश्न विचारताना मुले शेवटचा ‘टू’ खाऊन टाकतात. ‘व्हॉट आर यू लुकिंग फॉरवर्ड?’ हे अर्धे वाक्य झाले. ‘व्हॉट आर यू लुकिंग फॉरवर्ड टू?’ असेच म्हणायला हवे. मराठीत ‘तू कशाची वाट पाहतोस?’मधला ‘ची’ खाल्ला तर जसे विचित्र वाटेल, तसेच ते. तसेच ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड दॅट यू विल कम’ हेही चालत नाही. आपणही ‘तू येशील वाट पाहते’ असे म्हणत नाही, ‘तू येण्याची वाट पाहते’ म्हणतो. तिथेही नामच लागते.

व्याकरण झाले. पण खरी गोम अर्थात आहे.

मराठीतले ‘वाट पाहणे’ मोठे पोट असलेले आहे. बसची वाट पाहतो, डॉक्टरांची वाट पाहतो, निकालाची वाट पाहतो, मामाच्या येण्याचीही वाट पाहतो. कंटाळा, काळजी, आनंद, सारे त्यात मावते. कोणता भाव आहे ते सांगायचे झाले तर आपण ‘आतुरतेने’, ‘चातकासारखी’ असे शब्द पुढे जोडतो. इंग्रजीने मात्र या एका कामाची तीन खाती केली आहेत. नुसते थांबणे म्हणजे ‘वेट फॉर’. अमुक घडेल असा अंदाज बांधणे म्हणजे ‘एक्स्पेक्ट’. आणि आनंदाने, उत्सुकतेने पुढच्या दिवसाकडे पाहणे म्हणजे ‘लुक फॉरवर्ड टू’.

वर्गात मी हे उत्तरायणावरून समजावते, कारण ते बडोद्याच्या प्रत्येक मुलाला पटते. डिसेंबरात मांजा-फिरकीच्या गोष्टी सुरू होतात. तेव्हा आपण ‘लुकिंग फॉरवर्ड टू उत्तरायण’ असतो. उत्तरायण अजून दूर आहे, पण मन आधीच गच्चीवर पोहोचले आहे. चौदा जानेवारीला पहाटे गच्चीवर गेलो, पतंगाला कण्या बांधल्या, आणि वाराच नाही. आता आपण ‘वेटिंग फॉर द विंड’. हातात पतंग धरून उभे आहोत, यात कसला आलाय आनंद! आणि आदल्या दिवशी वर्तमानपत्रात वाचले होते की उद्या बऱ्यापैकी वारा असेल, म्हणून ‘वी वेअर एक्स्पेक्टिंग अ गुड विंड’. एकच सण, एकच मूल, पण मनाच्या तीन अवस्था आणि त्यांना तीन क्रियापदे.

म्हणूनच ‘लुक फॉरवर्ड टू’ सुखाच्या गोष्टींसाठीच वापरतात. आजारपण, अंत्यदर्शन, एखाद्याची अडचण अशा प्रसंगी ते चुकूनही लिहू नये. नकारार्थी वाक्यात मात्र ते छान शोभते. ‘आय ॲम नॉट लुकिंग फॉरवर्ड टू द मॅथ्स पेपर’ म्हणजे गणिताच्या पेपरच्या नावाने पोटात गोळा आला आहे, हे सभ्यपणे सांगणे.

आता सुरुवातीच्या त्या पहिल्या वाक्याकडे वळू. काही वर्षांपूर्वी आपल्याच शाळेतून गेलेल्या एका हुशार मुलीने सुट्टीत प्रयोगशाळेत काम शिकायला मिळावे म्हणून एका प्राध्यापकांना ई-मेल लिहिला. शेवटी लिहिले, ‘आय ॲम वेटिंग फॉर युअर रिप्लाय. काइंडली रिप्लाय सून.’ पंधरा दिवस उत्तर आले नाही, तेव्हा ती तो मजकूर घेऊन माझ्याकडे आली. त्या ओळीमुळेच उत्तर आले नाही असे मी म्हणणार नाही. मोठ्या माणसांना शंभर कामे असतात. पण मी तिला विचारले, “एखाद्या अनोळखी माणसानं तुझ्या दारात उभं राहून ‘मी थांबलोय, लवकर सांगा’ म्हटलं तर तुला कसं वाटेल?” ती चपापली. तिच्या मनात तसे काहीच नव्हते. तिच्या मनात आपले मराठी आर्जव होते, ‘आपल्या उत्तराची वाट पाहत आहे.’ ते मराठीत नम्र आहे. शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत नेले आणि नम्रता वाटेत सांडली. तिने दुसरा ई-मेल लिहिला. त्यात शेवटी लिहिले, ‘आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू.’ त्यालाही उशिरानेच, पण उत्तर आले. काम मिळाले की नाही यापेक्षा मला मोलाचे वाटले ते हे, की आपले मन दुसऱ्या भाषेत जसेच्या तसे पोहोचवण्याची किल्ली तिच्या हाती आली.

जाता जाता सांगते, कचेरीच्या पत्रात ‘आय लुक फॉरवर्ड टू’ थोडे औपचारिक वाटते आणि ओळखीच्या माणसाला ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू’ जास्त जिव्हाळ्याचे वाटते. दोन्ही शुद्ध आहेत.

हा विषय फक्त अर्ज आणि नोकऱ्यांपुरता आहे असेही नाही. आमच्या शेजारी एक काकू राहतात, वय ऐंशीच्या पुढे. मुलगा-सून कॅनडात. नातू तिथेच वाढला. त्याला मराठी थोडे कळते, वाचता मात्र येत नाही. तो एका डिसेंबरात इकडे येणार होता. काकू मला म्हणाल्या, “अगं, तू इंग्रजी शिकवतेस ना, मग त्याला दोन ओळी लिहून दे. म्हणावं, आजी वाट पाहतेय.”

मी म्हटले, “काकू, इंग्रजीत याची दोन वाक्यं होतात. एकाचा अर्थ, आजी थांबलीय. दुसऱ्याचा अर्थ, तू येणार म्हणून आजीला आनंद झालाय, तिचं मन त्या दिवसाकडे लागलंय.”

काकूंनी क्षणभर विचार केला. “दुसरंच लिही. पहिलं वाचून पोराला वाटायचं, उशीर झाला म्हणून आजी रागावलीय.” मग मी लिहिले, ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू सीइंग यू.’ मी मोठ्याने वाचून दाखवले. काकू म्हणाल्या, “छान आहे. पण यात माझी वाट कुठं आहे गं?” आणि त्यांनी कागद ओढून घेऊन खाली स्वतःच्या थरथरत्या अक्षरात मराठीत लिहिले, ‘वाट पाहते.’ त्या कागदाचा फोटो काढून आम्ही पाठवला.

दुसऱ्या दिवशी नातवाचा फोन आला. इंग्रजी ओळ त्याला लगेच कळली होती आणि तो खूश होता. खालचे दोन शब्द त्याने वडिलांकडून वाचून घेतले होते. वडिलांनी सांगितले, ‘वाट’ म्हणजे रस्ता, ‘पाहते’ म्हणजे बघते. त्याने आजीला विचारले, “आजी, व्हिच रोड?”

काकू हसल्या. मग म्हणाल्या, “आपल्या दारासमोरचा रे बाबा. दुसरा कुठला?” फोन ठेवल्यावर बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत.

मला त्या वेळी आपल्या पालकसभेत विचारला जाणारा एक प्रश्न आठवला. दर वर्षी कुणीतरी विचारते, “बाई, मुलांचं इंग्रजी सुधारायचं म्हणून घरात मराठी बोलणं बंद करू का?” काही जण विचारतही नाहीत, नुसती शाळा बदलतात. मराठी माध्यमाच्या वर्गांची पटसंख्या हा आपल्या विश्वस्तांच्याही काळजीचा विषय आहे, हे सर्वांना ठाऊकच आहे. पालकांचे चुकते असे मी म्हणत नाही. मुलाला पुढे जाऊन इंग्रजी लागणार, ही त्यांची चिंता खरी आहे, आणि ती आम्हा शिक्षकांनी गंभीरपणे घ्यायलाच हवी. कच्चे इंग्रजी शिकवून वर मराठीचा अभिमान सांगत बसणे हा मुलांवर अन्याय होईल.

पण इतकी वर्षे फळ्यासमोर उभे राहून जे दिसले ते सांगते. ज्या मुलाला ‘भेटायला’ आणि ‘भेटण्याकडे’ यांतला फरक घरात बोलता बोलता कळलेला असतो, त्याला ‘टू मीट’ आणि ‘टू मीटिंग’ समजावायला मला दोन मिनिटे लागतात. ज्याची घरची भाषा ‘मी लुक फॉरवर्ड करतोय तुला भेटायला’ अशी झाली आहे, त्याला तेच समजावायला आठवडा लागतो, कारण त्याच्या हाताशी ताडून पाहायला दुसरी पक्की भाषाच नसते. मागच्या पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. एक वाक्य मराठीत, तेच इंग्रजीत, पुन्हा मराठीत. ती पद्धत आता जुनी झाली, बोलण्याचा सराव तिच्यात कमी होता, हेही खरे. पण तिच्यातले एक तत्त्व आजही खोटे ठरलेले नाही. पाय टेकायला एक पक्की भाषा असली की दुसरीत उडी मारता येते.

याचे एक मोठे उदाहरण आपल्याच शहरात आहे. १८७५ साली नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावातून एक बारा वर्षांचा मुलगा बडोद्याच्या गादीवर दत्तक आला. तेव्हा त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. घरची भाषा मराठी. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषांचे शिक्षण त्याला देण्यात आले. इलियट नावाचे इंग्रज शिक्षक त्याला लाभले. तो मुलगा म्हणजे श्रीमंत महाराजा सयाजीराव गायकवाड. त्यांनी इंग्रजी आत्मसात केले, जग पाहिले, आणि मराठी सोडली नाही. १८९३ साली अमरेली भागात त्यांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो साऱ्या संस्थानाला लागू केला. बाराव्या वर्षी अक्षरओळख झालेल्या मुलाला जे जमले, ते पहिलीपासून शाळेत येणाऱ्या आपल्या मुलांना का जमू नये?

म्हणून पालकांना माझी एकच विनंती आहे. घरात मराठी बोला, पण चांगली, पूर्ण वाक्यांत बोला. मुलांना गोष्टी सांगा, पत्रे लिहायला लावा. इंग्रजीची जबाबदारी आमच्यावर टाका आणि त्याचा हिशोब आमच्याकडून हक्काने मागा. मुलाला नोकरीच्या पत्रात ‘लुकिंग फॉरवर्ड टू’ बिनचूक लिहिता यावे, आणि आजीने ‘वाट पाहते’ म्हटले की कोणता रस्ता हेही त्याला विचारावे लागू नये. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. एकाच शाळेत, एकाच फळ्यावर त्या शिकवता येतात.

आता विद्यार्थी मित्रांनो, थोडा गृहपाठ. खालील वाक्ये इंग्रजीत करा. सगळीकडे ‘लुक फॉरवर्ड टू’च येईल असे समजू नका. कुठे नुसते थांबणे आहे आणि कुठे आनंद आहे, ते आधी ओळखा.

१. आम्ही दिवाळीच्या सुट्टीची आतुरतेने वाट पाहत आहोत.
२. मी अर्ध्या तासापासून बसची वाट पाहत आहे.
३. आजी दर रविवारी मामाच्या फोनची आतुरतेने वाट पाहते.
४. तुम्हाला भेटायला मी उत्सुक आहे. (इथे ‘भेटायला’ पाहून फसू नका!)
५. तू कशाची आतुरतेने वाट पाहतोस?
६. उद्याच्या गणिताच्या पेपरच्या विचारानेच मला नको वाटते.

उत्तरे : १. वी आर लुकिंग फॉरवर्ड टू द दिवाळी हॉलिडेज. २. आय हॅव बीन वेटिंग फॉर द बस फॉर हाफ ॲन आवर. ३. ग्रँडमदर लुक्स फॉरवर्ड टू अंकल्स फोन कॉल एव्हरी संडे. ४. आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू. ५. व्हॉट आर यू लुकिंग फॉरवर्ड टू? ६. आय ॲम नॉट लुकिंग फॉरवर्ड टू टुमॉरोज मॅथ्स पेपर.

उत्तरे आधी पाहिली असतील तरी हरकत नाही, पण मग स्वतःची पाच नवी वाक्ये रचा. तुमच्या घरातली, तुमच्या गल्लीतली, तुमच्या मनातली. वहीच्या पानावर लिहून ती शिक्षकखोलीत माझ्या टेबलावर ठेवा. निवडक वाक्ये पुढच्या अंकात नावासह छापण्याचे संपादक मंडळाने कबूल केले आहे.

तुमच्या वाक्यांची मी वाट पाहते आहे. आणि याचे इंग्रजी कोणत्या क्रियापदाने करायचे, ते आता तुम्हीच सांगा.